चमचा उभा राहील अशी फळांची वाटी

एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. त्यांची मुलगी यंदा अकरावीत आहे. सकाळी साडेसहाला क्लासला निघते. पोहे, उपमा, सांजा, काहीही पुढे ठेवा, "आई, इतक्या सकाळी गरम घशाखाली उतरत नाही" म्हणून बशी बाजूला सारते आणि उपाशीपोटी बाहेर पडते. मागच्या महिन्यात क्लासमध्ये तिला घेरी आली. आता मैत्रिणींबरोबर तिने कुठेसा 'स्मूदी बाउल' खाल्ला, तो मात्र रोज हवा म्हणते. बाहेरचा रोज परवडत नाही, घरी केला तर पातळ मिल्कशेक होतो, आणि सासूबाई म्हणतात, "सकाळी सकाळी बर्फ खायचा, ही कसली थेरं!" शेवटी त्या विचारतात, 'करू की नको? आणि करायचाच तर घट्ट कसा करू?'

मैत्रिणींनो, असं पत्र लिहिणारी ही एकटीच नसेल, म्हणून उत्तर सगळ्यांसाठीच देते. जरूर करावा. उपाशी जाण्यापेक्षा थंड खाऊन जाणं केव्हाही बरं. मात्र नुसती फळं वाटून दिली म्हणजे न्याहारी झाली, असं समजू नका. ते कसं, हे पुढे सांगतेच.

आधी हा प्रकार आला कुठून ते पाहू. ब्राझीलमध्ये ॲमेझॉन नदीच्या काठी आसाई नावाचा ताड होतो. त्याच्या जांभळ्या-काळ्या फळांचा गर तिकडच्या बेलेंसारख्या गावांतले लोक पूर्वापार खातात, तोही गोड करून नव्हे, तर कसाव्याच्या पिठाबरोबर आणि तळलेल्या मासळीबरोबर! हा गर फार लवकर नासतो. म्हणून दूरच्या शहरांत तो गोठवूनच पाठवू लागले. साधारण १९८० च्या दशकात रिओ दि जानेरोमध्ये कुस्तीगीर आणि समुद्राच्या लाटांवर खेळणारी तरुण मंडळी हा गोठलेला गर घुसळून, वर केळ्याचे काप घालून वाडग्यातून खाऊ लागली. तिथून तो अमेरिकेत गेला आणि आता आपल्या मुलींपर्यंत पोचला. अगदीच परका म्हणावा तर तसंही नाही. आपला उपासाचा साबुदाणा ज्या कसाव्याच्या कंदापासून होतो, तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेचाच. अननस, पेरू, पपई, चिकू, सीताफळ हीसुद्धा सगळी त्याच खंडांतून आलेली पाहुणी. आणि केळ्याचं शिकरण तर आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होतंच आहे.

आता घट्टपणाचं. पातळ होण्याचं कारण एकच असतं. ताजी फळं घ्यायची, मिक्सर फिरेना म्हणून दूध ओतायचं, आणि गार व्हावं म्हणून वरून बर्फ घालायचा. बर्फ वितळला की त्याचं पाणीच होतं. इथे बर्फ घालायचा नाही, फळच गोठवायचं. म्हणजे खरं काम आदल्या रात्रीचं. सकाळी पाच-सात मिनिटं पुरतात.

फळं गोठवण्याची रीत

केळी पूर्ण पिकलेली, सालीवर काळे ठिपके आलेली घ्यावीत. अशी केळी घरात कुणी खात नाही आणि शेवटी टाकून द्यावी लागतात, तीच इथे उत्तम. सोलून बोटाच्या पेराएवढ्या जाड चकत्या कराव्यात. काळ्या पडू नयेत म्हणून लिंबाचे चार थेंब चोळावेत. ताटलीत एकमेकींना न चिकटतील अशा पसरून ताटली फ्रीजरमध्ये ठेवावी. दोन-तीन तासांत चकत्या कडक झाल्या की डब्यात भराव्यात आणि तारखेची चिठ्ठी लावावी. एकदम डब्यात भरल्या तर दगडासारखा गोळा होतो आणि मग सकाळी सुरीनं फोडत बसायची वेळ येते. सोलल्याशिवाय केळी गोठवू नयेत, साल मागाहून निघता निघत नाही. महिना-दीड महिन्यात हा साठा संपवावा.

आंब्याच्या फोडी, बिया काढलेली जांभळं, सोललेला चिकू, देठ काढून धुऊन पुसून कोरड्या केलेल्या स्ट्रॉबेऱ्या, हे सगळं याच रीतीनं गोठतं. सीताफळाचा गर हातानेच बिया काढून ठेवावा. मिक्सरवर बिया सुट्या करण्याचा मोह टाळावा, कारण सीताफळाची बी फुटली तर ती विषारी असते. कलिंगड, संत्रं, मोसंबी या कामाची नाहीत, त्यांचा नुसता रवाळ बर्फ होतो.

साहित्य (दोन वाडग्यांसाठी)

दोन मोठ्या केळ्यांच्या गोठवलेल्या चकत्या, एक कप आंब्याच्या गोठवलेल्या फोडी, पाच मोठे चमचे ताजा, आंबट नसलेला चक्का, तीन ते चार मोठे चमचे थंड दूध, चिमूटभर वेलचीपूड, अगदी कणभर मीठ. साखर नाही. पिकलेल्या केळ्याची गोडी पुरते.

चक्का म्हणजे तोच, श्रीखंडाला लागतो तो. रात्री दही फडक्यात बांधून, खाली भांडं ठेवून, फ्रीजमध्येच टांगून ठेवलं की सकाळी तयार. त्यानं घट्टपणाही येतो आणि प्रथिनंही मिळतात. निघालेलं पाणी कणकेत वापरावं.

कृती

फळं फ्रीजरमधून काढून पाच मिनिटं बाहेर ठेवावीत, म्हणजे कडा जरा नरम होतात. मिक्सरचं मोठं भांडं घेऊ नये. एवढ्याशा ऐवजाला चटणीचं किंवा मधलं भांडं बरं, नाहीतर फळं कडेला चिकटतात आणि पातं नुसतं रिकामं फिरतं. आधी दूध आणि चक्का घालावा, मग फळं. बटण एकदम पुढे नेऊ नये. उलट्या बाजूला क्षणभर फिरवून सोडायचं, असे आठ-दहा झटके द्यावेत. झाकण काढून चमच्यानं कडा खाली ओढाव्यात (आधी मिक्सर बंद करून, हे सांगायला नकोच), पुन्हा झटके. सुरुवातीला भरड चुऱ्यासारखं दिसतं. घाबरून दूध ओतू नका! आणखी दोन-तीनदा खालीवर केलं की ते अचानक मऊ, लोण्यासारखं होतं. पातं अगदीच अडलं तर दूध एकेक चमचाच वाढवावं. पळीवाढं झालं की बिघडलं समजा, चमचा उभा राहिला पाहिजे.

सलग दोन-तीन मिनिटं मिक्सर चालवू नये. मोटार तापते आणि तापलेल्या भांड्यात फळंही वितळतात. मध्येच मिक्सर बंद पडला तर बहुधा तो जळलेला नसतो. बऱ्याच मिक्सरच्या तळाशी एक लहानसं बटण असतं, ते जास्त भार आला की आपोआप सुटतं. दहा-पंधरा मिनिटं गार होऊ द्यावं, प्लग काढून बटण दाबावं आणि भांड्यातलं अर्धं काढून पुन्हा फिरवावं.

वाडगे आधीच फ्रीजमध्ये गार करून ठेवले तर वरचा थर लगेच विरघळत नाही.

वर काय घालाल?

दुकानात वरून परदेशी बिया, मध आणि साखरेत घोळवलेलं ओट्स घालतात. आपल्या डब्यांत याहून चांगल्या वस्तू आहेत. राजगिऱ्याच्या किंवा ज्वारीच्या लाह्या, कोरडे भाजलेले पातळ पोहे, भाजलेले शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, तीळ, भाजून भरड केलेलं जवस. भिजवलेला सब्जा किंवा अहळीवही घालता येतं. लाह्या आणि पोहे अगदी शेवटी घालावेत, नाहीतर मऊ पडतात. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे देऊ नयेत, कूट करून घालावं. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध मुळीच देऊ नये.

शेंगदाणे मात्र चुकवू नका. नुसत्या फळांनी तासा-दीड तासात पुन्हा भूक लागते. मूठभर, म्हणजे साधारण पंचवीस ग्रॅम शेंगदाण्यांत सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. दाणे, चक्का आणि लाह्या पडल्या की मगच ही वाटी न्याहारी म्हणायच्या लायकीची होते.

ऋतूप्रमाणे फळ बदलावं. पावसाळ्यात केळं-जांभूळ, दिवाळीच्या सुमारास केळं-सीताफळ, थंडीत केळं-स्ट्रॉबेरी किंवा चिकू. केळं मात्र कायम ठेवा, मऊपणा त्याचाच. एक खबरदारी घ्यावी. कच्चं अननस, पपई आणि किवी यांच्यात दुधातली प्रथिनं तोडणारे पाचक रस असतात, दुधाबरोबर ठेवली की कडवटपणा येतो. गोठवल्यानं हा गुण जात नाही. अननस घालायचंच तर दूध-चक्का वगळून नारळाचं दूध वापरावं.

वीज गेली तर? फळांत अजून बर्फाचे कण असतील तर पुन्हा गोठवायला हरकत नाही. पूर्ण मऊ झाली असतील तर त्याच दिवशी केळ्याचा शिरा किंवा मिल्कशेक करून संपवावीत.

आता सासूबाईंबद्दल. त्यांचं म्हणणं थेरं म्हणून उडवून लावू नका. आयुर्वेदात दूध आणि आंबट फळं एकत्र घेणं विरुद्धाहार मानलं आहे, त्यामागे त्यांची तीच काळजी असेल. त्यांना न पटणारं त्यांच्या पुढ्यात ठेवू नका. नारळाच्या दुधातला, न गोठवलेला केळं-आंबा त्यांना वेगळा काढून द्या. दात सळसळत असतील, खोकला असेल त्यांनीही गार खाऊ नये. घरात कुणाला मधुमेह असेल तर ही वाटी त्यांच्यासाठी नव्हे. एका मध्यम केळ्यात साधारण चौदा ग्रॅम साखर असते आणि आंब्याची त्यात भर पडते. त्यांनी डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात अख्खं फळ चावून खावं.

आणि त्या घेरीविषयी. ती उपाशी पोटानं आली असेलही, पण एवढ्यावर सोडून देऊ नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. शंभरातल्या सत्तावन्न! मुलीचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. या वयात ते १२ च्या खाली असू नये. कमी निघालं तर कुठलीही वाटी औषधाची जागा घेणार नाही, डॉक्टर देतील त्या लोहाच्या गोळ्या नेमानं घ्याव्या लागतील. आहारात अहळीव, राजगिरा, पालेभाज्या ठेवाव्यात, आणि त्यांच्याबरोबर पेरू, स्ट्रॉबेरी, आवळा, लिंबू यांतलं काही घ्यावं, त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे लोह अंगी लागतं. उलट चहा लोह अडवतो. म्हणून खाण्याला लागून चहा नको, तासाभरानं घ्यावा.

तपासणीला जाल तेव्हा स्वतःचंही रक्त तपासून घ्या. ती सत्तावन्न टक्क्यांची गोष्ट तुमच्या-आमच्या वयालाही लागू आहे. मुलीचा डबा, नवऱ्याचा डबा, सासूबाईंचा चहा होऊन जातो आणि आपण अकरा वाजता उरलेल्या पोळीचा तुकडा चहात बुडवून खातो. मुद्दामच साहित्य दोन वाडग्यांचं दिलं आहे. दुसरा वाडगा झाकून ठेवायचा नाही, तो दहा मिनिटांत विरघळतो. मुलीबरोबर बसून तिथेच खायचा.

चार दिवस करून पाहा आणि कसा झाला ते जरूर कळवा. पुढच्या अंकात फळांच्या साली आणि बिया यांचा घरात काय काय उपयोग होतो ते पाहू.