थ्रेड : ‘एक्सप्रेस’, ‘टर्बो’, ‘सुपरफास्ट’ आणि रिद्धपूरचे काम

रिद्धपूरला २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. तेथे केवळ पोथ्यांचा अभ्यास व्हावा, जाहिरातींतले ‘टर्बो’, ‘सुपरफास्ट’ असले शब्द म्हणजे बाजारू कचरा, असे मानणारे भाषाप्रेमी पुष्कळ आहेत. त्यांचे म्हणणे इतिहासाला धरून नाही.

प्रथम शुद्धतेचा दावा. परक्या ‘फास्ट’ऐवजी ते ‘जलद’ सुचवतात. तो आला फारसी ‘जल्द’वरून! (मुंबईच्या लोकलने त्याला पक्का मराठी केला, हे चांगलेच झाले.)

‘एक्सप्रेस’च्या मुळाशी तर वेगच नाही. ‘मुद्दाम, खास त्याच कामासाठी’ एवढाच त्याचा अर्थ. आधी खास निरोप्या, मग खास गाडी, मग वाटेत फारशी न थांबणारी, म्हणून वेगवान, असा तो सरकत गेला. वऱ्हाडाने त्याला आणखी पुढे नेले. ब्रिटिश खासगी कंपनीने कापसासाठी घातलेल्या यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर या अरुंद रुळांवरच्या गाडीचा सायकलस्वारालाही हेवा वाटला नसता. तरी ती ‘शकुंतला एक्सप्रेस’. शब्दातला वेग गेला, मान तेवढा उरला.

‘टर्बो’ म्हणजे लॅटिनमध्ये भोवरा. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंच्या जोरावर इंजिनात अधिक हवा कोंबण्याच्या यंत्रणेचे पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये घेतले. १९८० च्या दशकातील संगणकांवर ‘टर्बो’ नावाचे बटण असे. त्याचे खरे काम, जुने खेळ नीट चालावेत म्हणून, यंत्र मंद करण्याचे! पुढे चक्र नाही, हवा नाही, नुसते नाव राहिले.

‘सुपरफास्ट’ची गोष्ट मात्र थेट खिशाची आहे. रेल्वेत या शब्दाला माप आहे : ब्रॉडगेजवर सरासरी ताशी ५५ किलोमीटर, आणि त्यासाठी तिकिटावर अधिभार. इंटरनेटच्या जाहिरातीत हाच शब्द बहुधा आकड्यावाचून येतो. ज्याला माप नाही, ते खोटे ठरवणार कसे?

तेराव्या शतकात रिद्धपूरच्या परिसरात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी माणसामाणसाला विचारून गोळा केल्या. त्यातून ‘लीळाचरित्र’ घडले. नागदेवाचार्यांनी संस्कृतऐवजी लोकांच्या मराठीचा आग्रह धरला. त्या काळच्या पंडितांना ती भाषाही हलकीच वाटत होती. त्याच गावात बाजारातील शब्दांचा ऐतिहासिक कोश व्हायला हवा : कोणता शब्द केव्हा, कोणत्या वस्तूवर, कोणत्या मापासह आला, हे सांगणारा. ‘सुपरफास्ट’च्या नोंदीत ५५ हा आकडा न विसरता छापावा.