चाकांवरची चूल

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. कॅरव्हॅन म्हणजे चालतं घर. मिनीबससारख्या गाडीत झोपायची सोय, संडास, बेसिन, पाण्याची टाकी आणि एक छोटंसं स्वयंपाकघर. अशा गाडीत काय काय असावं, ती कुठे उभी करावी, उभी करण्याच्या जागी कोणत्या सोयी हव्यात, याचा विचार शासनाने बसून केला. चांगलंच केलं. लोकांनी हिंडावं, बायकांनी तर जास्तच हिंडावं.

नाशकात अशी एक गाडी मी आत शिरून पाहिली आहे. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला बाकावर चढावं लागेल एवढीच जागा. दोन बर्नरची शेगडी, तिच्यावर झाकण टाकलं की ओटा. ताटाएवढं सिंक. ओट्याखालून ओढून काढायची फळी, तिच्यावर भाजी चिरायची. भांडी एकात एक बसणारी. दाखवणारा मुलगा हुशार होता. इंजिन, टाकीची लिटरं, बॅटरी हे सगळं तो माझ्याबरोबरच्या पुरुष सहकाऱ्याला सांगत होता. शेगडीपाशी आल्यावर मात्र तो न चुकता माझ्याकडे वळला. "मॅडम, सगळं हाताशी आहे. उठायचीसुद्धा गरज नाही."

मैत्रिणींनो, म्हणजे सुट्टीवर निघालेल्या बाईलाही आटोपशीर स्वयंपाकघर मिळतं, स्वयंपाकातून सुट्टी काही मिळत नाही. त्यावर वेगळा लेख होईल. मला लिहायचं आहे ते आपल्याच जिल्ह्यातून दरवर्षी जाणाऱ्या दुसऱ्या चालत्या स्वयंपाकघराबद्दल. त्याच्यासाठी कुणी धोरण केलेलं नाही.

दसरा उलटला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नांदगावच्या डोंगरी गावांतून, शेजारच्या चाळीसगाव-कन्नडकडून, आणि बीडमधून तर हजारोंनी. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडलेल्या. त्यांत कोपीचे बांबू, चट्या, पत्रे, पाण्याचा ड्रम, पिठाची पोती, एखादी शेळी, कोंबड्या, म्हातारी माणसं, पोरं. कारखाना लांबचा असला तर वाटेत मुक्काम पडतो. त्या ट्रॉलीत सामान कसं भरतात हे कधी जवळून पाहा. सगळं भरून झाल्यावर मागच्या फाळक्याजवळ बाई आपल्या हाताने एक बोचकं ठेवते. तवा, परात, पिठाचा डबा, मीठ-मिरचीची पुडी, तेलाची बाटली, काडेपेटी, आणि पावसाचा भरवसा नाही म्हणून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं मूठभर कोरडं सरपण. ट्रॅक्टर पंपावर अर्धा तास थांबला तर तेवढ्यात फाळका उघडून तीन दगड मांडून दहा-बारा भाकरी व्हायला हव्यात, याचा हिशेब तिने घरूनच केलेला असतो. वाऱ्याच्या बाजूला पत्रा उभा करायचा. पीठ मळायला बसायची जागा ट्रॉलीच्या चाकाआड, म्हणजे रस्त्यावरची धूळ परातीत येत नाही आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या नजराही. कालवण करायला वेळ नसतो. ठेचा घरून आणलेला असतो, शेंगदाण्याची चटणी असते. पहिली भाकर पोरांना, मग ड्रायव्हरला, मग गड्यांना. तिची स्वतःची भाकर बहुतेक वेळा चालत्या ट्रॉलीत, पदराखाली.

हे सारं नियोजनच आहे. युरोपात याच नियोजनाला शास्त्र म्हटलं गेलं. १९२६ साली मार्गारेट श्युटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन स्थापत्यविशारद बाईंनी जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरातल्या कामगारवस्त्यांसाठी एक स्वयंपाकघर आखलं. जेमतेम साडेसहा चौरस मीटरचं. बाईची पावलं किती पडतात, हात कुठवर पोचतो, हे मोजून. आणि त्यांच्यापुढे नमुना होता रेल्वेच्या भोजनडब्यातल्या स्वयंपाकघराचा, जिथे चिंचोळ्या जागेत शेकडो माणसांचं जेवण शिजतं. आज शहरातल्या प्रत्येक फ्लॅटमध्ये आपण ज्याला मॉड्युलर किचन म्हणतो, त्याची ही पणजी. ही बाई पुढे नाझींच्या विरोधात उभी राहिली, तुरुंगात गेली, हे मुद्दाम सांगायला हवं, कारण वास्तुकलेबद्दल लिहिताना ते बहुधा राहूनच जातं.

त्या स्वयंपाकघरावर नंतर स्त्रीवाद्यांनी टीका केली. तिथे एकच बाई उभी राहू शकते, असा त्यांचा मुद्दा होता. दुसरं माणूस आत मावतच नाही, म्हणजे मदत करणारा नवराही नाही, लुडबुडणारं मूलही नाही, गप्पा मारायला शेजारीणही नाही. श्रम वाचले, पण ते एकटीचे श्रम आहेत हे भिंती बांधून पक्कं झालं. मला ही टीका पटते. आणि कॅरव्हॅनमधल्या त्या "सगळं हाताशी आहे" या वाक्यात तीच गोष्ट मला पुन्हा ऐकू आली. हात एकीचेच धरलेले आहेत.

पण ट्रॉलीतल्या बाईला निदान ते वाचलेले श्रम तरी मिळावेत की नाही? फडावर कोपी पडते तेव्हा स्वयंपाकघर म्हणजे कोपीच्या तोंडाशी तीन दगड. कोपीत सरळ उभं राहता येत नाही. सरपण म्हणजे उसाचं पाचट, ते कागदासारखं भुर्रकन जळतं, सारखं आत सारावं लागतं, आणि एक ठिणगी उडाली की कोपी जाते. पहाटे तीन-चारला उठून तिने भाकरी थापायच्या, पाणी आणायचं, मग नवऱ्याबरोबर फडात. तो ऊस तोडतो, ती तोडतेही आणि मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत वाहतेही. रात्री गाडी भरायला कधीही हाक येते. परत आल्यावर चूल थंड, आणि ती पेटवणारी तीच.

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक 'कोयता' म्हणतात, हे तुम्हाला माहीत आहेच. उचल जोडीला मिळते, ती घेतो नवरा. एक दिवसाचा खाडा पडला तर दंड जोडीला, तो फेडते तीही. या हिशेबात स्वयंपाक कुठेच नाही. खरं तर कोयत्याची धार तिच्या चुलीवर आहे. एकट्या गड्याला फडावर आणलं असतं तर मुकादमाला खाणावळ चालवावी लागली असती किंवा खोराकी द्यावी लागली असती. जोडी आणली की तो खर्च वाचतो. म्हणून जोडी हवी असते. साखर कारखान्याच्या ताळेबंदात या भाकरीची ओळ नाही, पण ती वजा केली तर बाकीच्या ओळी उभ्या राहणार नाहीत. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढीचा करार झाला. लढून मिळवलेली वाढ आहे, तिचं मोल मी कमी करत नाही. पण वाटाघाटी झाल्या त्या टनावर आणि कमिशनवर. तीन दगड टेबलावर आले नाहीत.

२०१९ साली बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पेटला तेव्हा शासनाने समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. तेव्हा कुठे महाराष्ट्राला या बाईचं शरीर दिसलं. तिचा दिवस अजून दिसलेला नाही. खाडा परवडत नाही म्हणून दुखणं अंगावर काढणारी बाई पहाटे चूलही पेटवते, अंगात ताप असला तरी.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. नाशिकहून अर्ध्या-पाऊण तासावर गिरणारे आहे. तिथला मजूरबाजार आपल्यापैकी पुष्कळजणींनी पाहिला आहे. द्राक्षाच्या छाटणीपासून काढणीपर्यंत पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, जव्हार-मोखाड्याकडून आदिवासी जोड्या येतात. काम मिळेपर्यंत रस्त्याकडेला, दुकानाच्या ओट्यावर मुक्काम, तिथेच चूल. काम मिळालं की बागेच्या कडेची पत्र्याची खोली, तिच्यात दोन-दोन, तीन-तीन बिऱ्हाडं. एका कोपऱ्यात एकीची चूल, दुसऱ्या कोपऱ्यात दुसरीची, मध्ये पोरं झोपलेली, आणि धूर जायला फक्त दार. काही ठिकाणी पाणी भरायला दिलेले ड्रम औषधफवारणीचे रिकामे झालेले असतात. निर्यातीच्या द्राक्षात औषधाचा किती अंश राहिला हे प्रयोगशाळेत तपासतात, आणि ते योग्यच आहे. त्या ड्रममधल्या पाण्यात शिजलेला भात कोण तपासणार?

कायदा काय म्हणतो? १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात ठेकेदाराने राहण्याची योग्य सोय करावी अशी तरतूद होती. पण त्यासाठी मजुराने राज्याची हद्द ओलांडायला हवी. पेठहून दिंडोरीला आलेली बाई हद्द ओलांडत नाही. बीडहून सांगलीला गेलेली बाई तीनशे किलोमीटर गेली तरी महाराष्ट्रातच. तिचं घर मोडलं, चूल मोडली, पोराची शाळा मोडली, हद्द तेवढी शाबूत.

आमच्या गटात या विषयावर वाद झाला, तो इथे मांडते, कारण तो बऱ्याच गटांत होईल. एक ज्येष्ठ मैत्रीण म्हणाली, "आयुष्यभर आपण बायकांना चुलीतून बाहेर काढायचं बोलतोय आणि आता चांगली चूल मागायची? म्हणजे ती तिचीच, हे आपणच कबूल केलं." मुद्दा वजनदार आहे. सोयी मागताना आपण नकळत श्रमविभागणीवर शिक्का मारतो, हे अनेकदा घडलं आहे. तरीही मी तिच्याशी सहमत नाही. धुरात बसलेल्या बाईला तत्त्वाचा निकाल लागेपर्यंत थांब असं सांगायचा अधिकार आपल्याला नाही. आणि दुसरं, चुलीची मागणी कुणाकडे करायची, यावर बरंच अवलंबून आहे. नवऱ्याकडे शेगडी मागितली तर ती तिची खासगी बाब होते. कारखान्याकडे, बागायतदाराकडे मागितली तर स्वयंपाक हा कामाच्या खर्चाचा भाग होतो. ही दुसरी मागणी मला राजकीय वाटते.

आपल्या चळवळीला हा धडा नवा नाही. मुंबईच्या गिरणगावात दहा बाय दहाच्या खोल्यांत बायका गिरणी कामगारांच्या खाणावळी चालवत होत्या. एका खोलीत पाळीपाळीने दहा-वीस पुरुषांच्या पंगती, आणि तिच्याच कुटुंबाने रात्री तिथेच झोपायचं. घरकाम म्हणून ते अदृश्यच होतं. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना जोडून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, बँकेची कर्जं मिळवून दिली, सावकाराच्या हातून सोडवलं. स्वयंपाक तोच राहिला, पण तो धंदा आहे हे कागदावर आलं. प्रेमाताईंनी बायकांना चुलीला बांधलं, असं म्हणायला मी तयार नाही.

मात्र एवढ्यावर थांबलो तर त्या ज्येष्ठ मैत्रिणीचं म्हणणं खरं ठरेल. केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीत २०१९ साली घरकाम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या, आणि घरकाम करणारे पुरुष ९७. २०२४ च्या पाहणीत बायकांची २८९ झाली. दहा मिनिटं सुटली म्हणून आनंद मानावा, तर पुरुषांचीही ८८ वर आली! म्हणून टोळीच्या बैठकीत पुरुषांशीही बोलायला हवं. पाणी आणणं आणि सरपण फोडणं ही कामं गड्यांनी घ्यावीत, एवढ्यापासून सुरुवात होते असा आमचा अनुभव आहे. भाकर थापायला कुणी तयार होत नाही, हसतात. पण पंढरीच्या वाटेवर दिंडीच्या पंगतीला हेच बाप्ये पातेल्याएवढ्या डावाने आमटी ढवळतात, शे-दोनशे माणसांना वाढतात, आणि तिथे कुणी हसत नाही. सेवा म्हटलं की हात चालतात. हे त्यांना तोंडावर सांगावं, मी सांगते.

या हंगामापुरतं काय करता येईल ते लिहिते. पाच किलोचा गॅस सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय, नुसत्या ओळखपत्रावर विकत मिळतो, हे बहुतेक टोळ्यांना माहीत नाही. उज्ज्वला योजनेच्या २०२१ मधल्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरितांना पत्त्याऐवजी स्वयंघोषणापत्र चालेल अशी सवलत दिली गेली. रेशनचं धान्य गाव सोडून दुसरीकडेही उचलता येतं, पण दुकानदार नाही म्हणतो आणि बाई परत येते, तेव्हा एकदा तिच्याबरोबर कुणीतरी गेलंच पाहिजे. सिलिंडर भरायचा खर्च एका कोपीला झेपत नाही. चार कोप्या मिळून एक शेगडी, आणि आळीपाळीने स्वयंपाक, हे जमतं का ते पाहायला हवं. त्यात सकाळच्या दीड-दोन तासांची झोप प्रत्येकीला चारातले तीन दिवस मिळू शकेल. जात आड येईल हे गृहीत धरूनच बोला. एका टोळीत बहुधा नात्यागोत्याचेच लोक असतात, तिथून सुरू करावं.

आणि मुकादमाशी बोलताना उचलीचा कागद होतो तेव्हाच निवाऱ्याचे पत्रे, पिण्याचं पाणी आणि हंगामभराचं इंधन कोण देणार हे त्यावर लिहून घ्यावं. कागदावर नवऱ्याबरोबर तिचीही सही किंवा अंगठा हवा. टोळ्या दसऱ्यानंतर हलतात, उचल मात्र पावसाळ्यातच वाटली जाते. तेव्हा नांदगाव, पेठ, सुरगाण्यात काम करणाऱ्या गटांनी ही बोलणी आषाढ-श्रावणातच सुरू करावीत.