सिंघम नको, आठ तासांची ड्युटी हवी

मी उल्हासनगर कॅम्प २ मध्ये राहतो. मागे माझा मोबाइल चोरीला गेला. कुठल्या ठाण्यात गेलो ते सांगत नाही, कारण गोष्ट एका ठाण्याची नाहीच. हवालदार म्हणाले, "चोरीला गेला नको, हरवला लिही. दाखला लगेच मिळेल." मी निमूट 'हरवला' लिहिलं.

घरी येताना लक्षात आलं, हे तर आमच्या ऑफिससारखंच आहे. महिनाअखेरीस बगचा आकडा कमी दाखवायचा असला की टेस्टरने टाकलेला बग 'हा बग नाहीच' म्हणून बंद होतो. आकडा सुधारतो, सॉफ्टवेअर तसंच राहतं.

दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिताकुमारी खटल्यात सांगितलं. तरी 'हरवला' का? कारण हद्दीतले गुन्हे वाढले की ठाण्याला जाब द्यावा लागतो. न नोंदवलेल्या गुन्ह्याचा जाब सहसा कोणी विचारत नाही.

अशी टाळाटाळ कुठवर जाते, ते ऑगस्ट २०२४ मध्ये शेजारच्या बदलापुरात दिसलं. शाळेतल्या दोन चिमुकल्यांवरच्या अत्याचाराची तक्रार नोंदवायला पालकांना तासन् तास ताटकळावं लागलं. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले, पोलिसांचं निलंबन झालं. २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला, आणि माझ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सिंघमचे रील्स फिरले. पालकांना ताटकळत ठेवणारी पद्धत त्या गोळीने मेली का, हे ग्रुपवर कोणी विचारलं नाही. मीही नाही.

पद्धत बदलता येते. २०१६ मध्ये मुंबईच्या देवनार ठाण्यातल्या एका शिपायाने आठ तासांच्या पाळ्यांची योजना थेट आयुक्त दत्ता पडसलगीकर यांच्यापुढे मांडली. आयुक्तांनी ती ऐकली, आधी देवनारमध्येच करून पाहिली, मग इतर ठाण्यांत नेली. "मनुष्यबळ कुठंय?" हा प्रश्न तेव्हाही होताच. उपाय मात्र रोज ड्युटी करणाऱ्याकडून आला. बारा तास उभ्या माणसाकडून तुमची तक्रार शांतपणे ऐकली जाईल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

पण पुढे आयुक्त बदलले, कोविड आला आणि २०२२ मध्ये तीच आठ तासांची ड्युटी पुन्हा जाहीर करावी लागली. एका साहेबाच्या भरवशावरचा बदल साहेबाबरोबरच बदलीवर जातो. २००६ च्या प्रकाश सिंह निकालाने नेमकं यावर बोट ठेवलं होतं: ठाणेप्रमुखालाही किमान दोन वर्षांचा कार्यकाळ, तपास आणि कायदा-सुव्यवस्था यांसाठी वेगळी माणसं, पोलिसांविरुद्ध दाद मागायला तक्रार प्राधिकरण. यातल्या कशावरही रील बनत नाही. म्हणून निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला आपण हे विचारत नाही, आणि तोही बोलत नाही.

आपण विचारायला हवं. ठाण्याची पारख गुन्ह्यांच्या आकड्यावरून करणं बंद करा, किती तक्रारदारांना परत पाठवलं ते मोजा. पाळ्या साहेबाच्या मर्जीवर नकोत, नियमात हव्यात.

आणि तोवर एक काम आपलं. तक्रार जशी घडली तशीच लिहायची. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती मागायची. नोंद नाकारली तर वरिष्ठांना लेखी कळवायचं. मी 'हरवला' लिहिलं, तेव्हा दडपलेल्या आकड्यात एकाची भर मीच घातली होती.