अभियंता नोंदणी : मानांकनाची अट आणि परीक्षेचं दार

वकिलांसाठी १९६१चा आणि वास्तुविशारदांसाठी १९७२चा नोंदणीचा कायदा आहे. अभियंत्यांसाठी मात्र देशपातळीवर तसा कायदा अजून नाही. भूकंपातून धडा घेतलेल्या गुजरातने २००६ मध्ये स्थापत्य अभियंत्यांपुरता केला, एवढंच. आपल्याकडे महाराष्ट्रात ३० वर्षांहून जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट कोणी करायचं, हे स्थानिक संस्थेच्या परवान्यावर ठरतं. तेव्हा नोंदणी हवीच. प्रश्न आहे तो तिच्या शैक्षणिक अटीचा. ‘एनबीए (राष्ट्रीय मानांकन मंडळ) मानांकित अभ्यासक्रमाची पदवी असेल त्यालाच नोंदणी’ हे ऐकायला चोख वाटतं, पण अट अशीच सरसकट लावली तर तिचा भुर्दंड भलत्यालाच बसेल. मानांकित पदवीवाल्यांना थेट प्रवेश द्यावा आणि बाकीच्या पदवीधरांना एका सामाईक परीक्षेतून.

कारण मानांकन महाविद्यालयाला मिळत नाही, शाखेला मिळतं, आणि तेही ठरावीक मुदतीपुरतं. एकाच आवारात संगणक शाखा मानांकित आणि स्थापत्य शाखा मानांकनाविना, असं असू शकतं. त्यात आणखी एक गुंता आहे. २०१४ मध्ये भारत अभियांत्रिकी पदव्यांच्या परस्पर मान्यतेच्या वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला, पण कराराचा लाभ ‘टियर-१’ला, म्हणजे विद्यापीठं आणि स्वायत्त संस्थांमधल्या मानांकित अभ्यासक्रमांना मिळतो. विद्यापीठाशी नुसतं संलग्न असलेलं महाविद्यालय ‘टियर-२’मध्ये येतं आणि मानांकन मिळवूनही कराराबाहेर राहतं. तिथला पदवीधर ऑस्ट्रेलियात गेला, की त्याला आपल्या कामाचे ३ सविस्तर वृत्तान्त लिहून पात्रता सिद्ध करावी लागते. बारावीनंतर केंद्रीय प्रवेशाच्या (कॅप) फेरीत कटऑफ, फी आणि वसतिगृह पाहून पसंतीक्रम भरणाऱ्या मुलाने शाखेच्या मानांकनाची मुदतही तपासावी, ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

परीक्षा आली की क्लास आले आणि घोकंपट्टी आली, हा आक्षेप खरा आहे. पण तो परीक्षा कशी घेतली जाते यावरचा आहे. अमेरिकेत साधारणपणे पदवीच्या सुमारास एफई परीक्षा, मग सुमारे ४ वर्षांचा अनुभव आणि त्यानंतर पीई परीक्षा, असा क्रम असतो. म्हणजे एका पेपरावर कुणी अभियंता होत नाही. आपल्या पेपरातही पाठांतराऐवजी एक सदोष ड्रॉइंग समोर ठेवता येईल. बीम आणि कॉलमच्या जोडापाशी रिंगांचं अंतर मधल्या भागाइतकंच ठेवलंय. चूक शोधा आणि भूकंपात काय होईल ते लिहा. याला गाइड पुरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : मागचं दार उघडं ठेवलं तर महाविद्यालयं मानांकनाच्या वाटेला जातील कशाला? उलट, ज्या शाखेच्या मुलांना जादा परीक्षा द्यावी लागते, तिच्या जागा भरताना संस्थाचालकांना घाम फुटेल. शिवाय परीक्षेचा मार्ग आपल्याला नवा नाही. नोकरी सांभाळून एएमआयई या अभियंता संस्थेच्या परीक्षेचे ‘अ’ आणि ‘ब’ विभाग उत्तीर्ण होणाऱ्यांना पदवीची समकक्षता मिळत होती. ती ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदवणाऱ्यांपुरती उरली. तिथे प्रयोगशाळेचं काय, ही शंका रास्त होती. इथे तर उमेदवार ४ वर्षं प्रात्यक्षिकं करून आलेला असेल. ती प्रात्यक्षिकं जर्नलमध्येच झाली असतील, तर तेही वर सांगितलेल्या ड्रॉइंगवर उघड होईल.

– एक वाचक, पुणे