बडोद्याची नानकटाई

दिवाळीची सुट्टी ही मुलांची असते असा आपला एक भाबडा समज आहे. वास्तविक शाळा मुलांना रिकाम्या हाताने घरी पाठवीत नाही. यंदा आमच्या चिरंजीवांना, इयत्ता चौथी, 'माझे कुटुंब' या विषयावर रंगीत तक्ता करून न्यायचा होता. वडिलांकडची बाजू अर्ध्या तासात रंगून झाली. आजोबा, पणजोबा, रत्नागिरी जिल्ह्यातले गाव आणि त्याच्या शेजारी हिरव्या खडूने काढलेले एक माडाचे झाड. मग आईचा रकाना आला आणि पेन्सिल थांबली.

"आई, तुझं मूळ गाव काय लिहू?"

"बडोदं," मी म्हणाले.

"पण बडोदं तर गुजरातमध्ये आहे. म्हणजे तू गुजराती?"

"नाही रे. मी मराठीच."

"मग तिकडे कशाला राहायला गेलात?"

वीस वर्षे मी कॉलेजात मराठी शिकवते आहे. प्रश्नाला तासभर उत्तर देण्याची सवय जिभेला लागलेली. मी सुरू केले. माझे पणजोबा सातारा जिल्ह्यातले. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली बडोदे संस्थानात सगळीकडे प्राथमिक शिक्षण सक्तीचे नि मोफत केले, तेव्हा शाळांना मास्तर हवे होते. पणजोबा एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन गेले, ते तिथलेच झाले. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १९६० साली गुजरात वेगळे झाले. राज्यांच्या सीमा इकडच्या तिकडे झाल्या. आम्ही आपले दांडिया बाजारातल्या त्याच घरात होतो.

चिरंजीवांनी शांतपणे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "एवढं रकान्यात मावणार नाही. आणि आता तिथे आपलं कोण राहतं?"

याचे उत्तर मात्र एका शब्दाचे होते. कोणी नाही.

माझे ते घर यंदाच्या मार्चमध्ये विकले गेले. २०१९ साली आई गेली, तेव्हापासून ते बंदच होते. दादा नोकरीनिमित्त अहमदाबादला, मी लग्न होऊन पुण्याला. बंद घराला वाळवी लागते, कौले फुटतात, शेजारी तक्रारी करतात. विकणे शहाणपणाचेच होते आणि मीही 'हो' म्हटले होते. परंतु विक्रीखतावर सही करायला मी गेले नाही. "परीक्षा आहेत रे, सुट्टी मिळायची नाही," असे दादाला सांगून मी मुखत्यारपत्र पाठवून दिले. परीक्षा होत्या हे खरे. पण दोन दिवसांची रजा मागितली असती तर कोणी नाही म्हटले नसते. मला ते घर रिकामे झालेले पाहायचे नव्हते. मग ते दादाने एकट्याने पाहिले. रात्री त्याचा फोन आला. "किल्ल्या देऊन टाकल्या," एवढेच तो म्हणाला. त्यानंतर आमचे दर आठवड्याला बोलणे झाले. मुलांच्या परीक्षा, गुडघेदुखी, पाऊस, सगळ्यांवर झाले. घरावर एक अक्षर नाही.

मुलगा तक्ता घेऊन खोळंबला होता. मी त्याला सुरसागर सांगितला, कामाटीबाग सांगितली, न्यायमंदिर नि खंडेराव मार्केट सांगितले. आगगाडीचे वेळापत्रक वाचून दाखवावे तसे त्याने ते ऐकले. त्याचे काय चुकले? फेब्रुवारी २०१८ मध्ये बडोद्याला ९१ वे साहित्य संमेलन भरले, तेव्हा मी त्या घरात तीन रात्री राहून आले. हा पठ्ठ्या तेव्हा पुण्यात आजीच्या कडेवर होता. लेकीला एक झोपाळा तेवढा आठवतो. त्याला आम्ही घरात 'हिंचका' म्हणत असू. त्या एका शब्दावरून पुण्याच्या वसतिगृहातल्या मैत्रिणींनी मला वर्षभर हसवून घेतले होते. 'तुझं मराठी जरा निराळं आहे हं!' आज मी तेच मराठी शिकवते, यात त्यांचा सूड पुरेसा उगवला असे मी मानते.

नावे सांगून गाव कळत नाही हे मला त्या दिवशी उमगले. मी तक्ता गुंडाळून ठेवला आणि म्हटले, "चला, नानकटाई करू."

आमच्या लहानपणी, म्हणजे १९९० च्या आसपास, घरोघरी विजेच्या भट्ट्या नव्हत्या. दिवाळीच्या आधी आठवडाभर गल्लीच्या तोंडाशी असलेल्या बेकरीत बायकांची गर्दी उसळे. मैदा, रवा, बेसन, पिठीसाखर, तूप, सगळे घरून न्यायचे. बेकरीवाल्याचे फक्त ट्रे आणि भट्टी, मजुरी किलोवर. माझी आजी तिथे जमिनीवर पोते टाकून बसे. मांडीशी परात, परातीत तूप नि साखर, आणि तळहाताने ती फेसत राही. एका बाजूला शेजारच्या गुजराती बा, दुसऱ्या बाजूला कोणी सिंधी काकू. भट्टीपाशी लांब दांड्याचे लाकडी फावडे घेऊन चाचा उभे. आजी त्यांना ओरडून सांगे, "चाचा, जरा लाल थवा दो, पण करपवू नका हं!" एका वाक्यात तीन भाषा. व्याकरणाच्या तासाला हे वाक्य मी फळ्यावर लिहीत नाही. पण चाचांना ते बरोबर कळे आणि नानकटाई लाल होई, करपत मात्र नसे.

ट्रे सगळ्यांचे सारखेच. मग कोणाची नानकटाई कोणती हे ओळखायचे कसे? त्यासाठी प्रत्येक घराची खूण असे. कोणी वर चारोळी लावी, कोणी काट्याने रेघा ओढी, बा शिवणाच्या अंगुस्तानाने गोल उमटवीत. आमच्या आजीची खूण होती दिंडीदरवाजाच्या किल्लीची. ती लोखंडी किल्ली चांगली वीतभर लांब. तिच्या मागच्या कड्याचा ठसा प्रत्येक नानकटाईवर उमटे, पैशाएवढा गोल. घरून निघण्यापूर्वी ती किल्ली चिंचेने घासून, तीन पाण्यांनी धुऊन, पुसून घ्यायची हे काम दादाकडे. आणि भट्टीतून ट्रे बाहेर आले की आपली खूण शोधून त्यापाशी डोळ्यांत तेल घालून उभे राहायचे हे काम माझ्याकडे.

हे सांगता सांगता मी परात काढली. प्रमाण आजीचेच. दोन वाट्या मैदा, अर्धी वाटी बेसन, पाव वाटी रवा, एक वाटी पिठीसाखर, एक वाटी तूप, चिमूटभर सोडा, चिमूटभर मीठ, वेलदोडे नि जायफळ. पहिला घाणा पार बिघडला. घाईत मी पातळ झालेलेच तूप घातले होते. वीस गोळे ठेवले होते. ते भट्टीत एकमेकांना भेटायला निघाले आणि बाहेर एकच एक वेडावाकडा पापुद्रा आला. लेक वाकून पाहत म्हणाली, "आई, हा बडोद्याचा नकाशा आहे का?"

नकाशा खाल्ला. चव वाईट नव्हती.

दुसऱ्या खेपेला तूप शीतकपाटात ठेवून थिजवले. थिजलेले तूप साखरेबरोबर तळहाताने फेसायचे; ते पांढरेशुभ्र नि हलके व्हायला चांगली पंधरा मिनिटे लागतात. दोघांनी पाळ्या लावल्या. हात चालू होते म्हणून की काय, आता गाव ऐकायला त्यांची हरकत नव्हती. चिरंजीवांनी विचारले, "नानकटाई मराठी की गुजराती?" मी म्हटले, 'नान' म्हणजे फारसीत रोटी, आणि 'खताई' म्हणजे खता देशची, म्हणजे चीनकडची, असे शब्दांची कुळे शोधणारे सांगतात. सुरतेला डच व्यापारी होते. ते गेल्यावर त्यांची भट्टी एका पारशी गृहस्थांनी चालवली आणि नानखटाई जन्मली, अशी तिकडे कथा आहे. गुजरातीत ती नानखटाई, आपल्याकडे येईतो नानकटाई झाली.

"म्हणजे तिचं मूळ गाव पण रकान्यात मावणार नाही," चिरंजीव समाधानाने म्हणाले.

मग मी रंगात आले. महाराजांनी शाळा कशा काढल्या, गावोगाव वाचनालये कशी उभारली, आमच्या गल्लीत गणपतीची आरती म्हणायला गुजराती शेजारी कसे येत आणि नवरात्रात आम्ही त्यांच्या गरब्यात कशा जात असू, सगळे सांगत सुटले. तेवढ्यात लेकीचा हात परातीत थांबला.

"आई, डॉक्टर आंबेडकरांना राहायला जागा मिळाली नव्हती, ते हेच बडोदं ना?"

लेक आठवीत आहे. वाचते. मी म्हटले, "हो, तेच." १९१७ सालची गोष्ट. महाराजांच्याच शिष्यवृत्तीवर परदेशी शिकलेला विद्वान संस्थानच्या नोकरीवर हजर झाला आणि त्या शहरात त्याला छप्पर मिळेना. पारशी धर्मशाळेत उतरले होते, तिथून लोकांनी काठ्या घेऊन हुसकावले. कामाटीबागेत झाडाखाली ते डोळ्यांत पाणी घेऊन बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. त्या जागेला आता संकल्पभूमी म्हणतात. मी त्याच बागेत शंभरदा खेळले असेन. आमचे घर तेव्हा उभे होते आणि माडीवरची एक खोली रिकामी असे, असे आजी सांगे. ही गोष्ट मात्र आमच्या घरात मला कोणी सांगितली नाही. मी ती पुण्याला आल्यावर वाचली.

"मग तुला ते गाव आवडतं तरी?" लेकीने विचारले.

"आवडतं. आपलं आहे म्हणून हेही सांगायला हवं ना?" मी म्हटले. तिने थोडा विचार केला आणि पुन्हा तूप फेसू लागली. मला वाटले, लांबून आठवणाऱ्या माणसाच्या हातून साखर नेहमीच जास्त पडते. चिमूटभर मीठ मुलीने आठवणीने घातले ते बरे झाले.

पीठ मळून झाले, गोळे झाले, ट्रेवर मांडले. चिरंजीव हात धुऊन उभे राहिले. "आता ठसा. किल्ली कुठे आहे?"

मी काही बोलले नाही. ती किल्ली मार्चमध्ये दुसऱ्याच्या हाती गेली, आणि देणाऱ्याच्या शेजारी मी उभी नव्हते. माझ्या तोंडाकडे पाहून लेकीला काहीतरी समजले असावे. ती दाराशी गेली, खुंटीवरची आमच्या फ्लॅटची किल्ली काढली आणि मोरीत नेऊन घासू लागली. चिंच नव्हती, लिंबाची फोड होती. तीन पाण्यांनी धुतली, पुसली. ही किल्ली केवढीशी! मागची बाजू चपटी, तिला कोपऱ्यात एक भोक. ठसा उमटला तो गोल नव्हताच; चौकोनासारखे काहीतरी नि त्यात एक टिंब.

"चालेल?" तिने विचारले.

"चालेल," मी म्हटले. दुसरे काय म्हणणार होते?

वीस मिनिटांत घरभर वास सुटला. वेलदोडा, जायफळ, भाजलेले बेसन. भट्टीतून काढल्याबरोबर नानकटाई मऊ असते, हात लावला की मोडते. निवली की खुसखुशीत होते. मुलाला ती दहा मिनिटे युगासारखी वाटली. वरून छान तडे गेले होते. आजीने पाहून मान डोलावली असती, 'अजून जरा लाल हवी' असे म्हणत.

तक्त्यावर आईच्या रकान्यात शेवटी 'बडोदे' असे लिहिले गेले. शेजारी माडाच्या जागी तपकिरी खडूने एक गोल काढला आहे. बाईंना तो सूर्य वाटेल; वाटू द्या.

एक डबा मी दादाला अहमदाबादला पाठवला. बरोबर चिठ्ठी नव्हती. काय लिहावे ते सुचले नाही. चार दिवसांनी रात्री त्याचा फोन आला. तोंडात घास होता हे आवाजावरून कळत होते.

"हा ठसा कसला गं?"

"आमच्या फ्लॅटच्या किल्लीचा. मुलांनी मारला."

पलीकडे बराच वेळ काही ऐकू येईना. मग मीच म्हटले, "दादा, मार्चमध्ये मी यायला हवं होतं."

"हं," तो म्हणाला. "हिंचका काढताना कड्या निघत नव्हत्या. दुसरं माणूस हवं होतं." थोड्या वेळाने तो पुन्हा म्हणाला, "कड्या आणल्यात मी. इथे माळ्यावर आहेत. आलीस की एक जोडी घेऊन जा."

मी 'हो' म्हटले. भाऊबीजेला जायचे ठरले आहे.

फोन ठेवता ठेवता त्याने विचारले, "आणि किल्ली धुतली होती ना नीट? आजीने पहिलं हेच विचारलं असतं."

"तीन पाण्यांनी," मी म्हटले.