पंचवीस अंशांची बॅटरी

यूपीएस विकत घेताना आपण दुकानदाराला एकच प्रश्न विचारतो, "बॅकअप किती देतो?" तो सांगतो, वीस मिनिटं. आपण खूश. पैसे देतो, डबा घरी आणतो, टेबलाखाली सरकवतो आणि विसरून जातो. पुढे दोनेक वर्षांनी मे महिन्यातल्या एका दुपारी लाईन जाते, डबा एकदाच 'पीं' करतो आणि कॉम्प्युटरसकट गप्प होतो. मग आपण कंपनीला शिव्या देतो, दुकानदाराला देतो, वीजवाल्यांना तर देतोच देतो!

मला वाटतं, या शिव्यांचा पत्ता थोडा चुकतो. चंद्रपूर-गडचिरोलीकडे यूपीएस भरवशाचा नाही, हे अगदी मान्य. पण त्याचं कारण डब्यात कमी आणि डबा जिथे ठेवलाय त्या जागेत जास्त आहे. त्यावर छापलेले आकडे दुसऱ्याच कुठल्यातरी गावासाठी काढलेले असतात.

कसं ते सांगतो. घरगुती यूपीएसमध्ये साधारणपणे १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची एक सीलबंद लेड-अॅसिड बॅटरी असते. गुणाकार केला तर ८४ वॉट-तास. पण हे ७ अँपिअर-तास वीस तासांत थेंबथेंब वीज काढली तर मिळतात. कॉम्प्युटर आणि मॉनिटर मिळून शंभर-सव्वाशे वॉट एकदम ओढायला लागले की बॅटरी त्यातलं जेमतेम निम्मं देते, आणि थोडं यूपीएस स्वतःच खातो. म्हणजे बॅटरी कोरी करकरीत असताना पंधरा-वीस मिनिटं. दुकानदार खोटं बोलत नव्हता, तो फक्त पहिल्या दिवसाबद्दल बोलत होता.

आता आयुष्याचं बघा. या बॅटरीचं तीन ते पाच वर्षांचं आयुष्य सांगतात ते खोलीचं तापमान २० ते २५ अंश धरून. त्यावर दर दहा अंशांना आयुष्य साधारण निम्मं होतं, असा या बॅटऱ्यांचा ढोबळ हिशेब आहे. आमच्याकडे मे महिन्यात बाहेर ४६-४७ अंश असतात, कूलर लावलेल्या खोलीत ३५ च्या आसपास, आणि टेबलाखाली, भिंतीला चिकटलेल्या त्या डब्याच्या आत किती, ते कुणी मोजलंय? उष्णतेने आतलं पाणी हळूहळू उडतं, पत्रे गंजतात. बॅटरी सीलबंद, त्यामुळे इन्व्हर्टरच्या बॅटरीसारखं वरून डिस्टिल्ड वॉटर टाकून भागत नाही. शिवाय स्वस्तातल्या यूपीएसचा चार्जर जानेवारीत आणि मे महिन्यात सारख्याच व्होल्टेजने बॅटरी भरत राहतो. उन्हाळ्यात ते तिला जास्त होतं. पुण्याच्या काकांकडे चार वर्षं चालणारी बॅटरी आमच्याकडे दोन वर्षांत मान टाकते, यात नवल काही नाही.

ही झाली चंद्रपूरची गोष्ट. गडचिरोलीकडे उन्हाच्या जोडीला लाईनचा त्रास. मैलोन्‌मैल जंगलातून गेलेल्या तारा, वादळात पडलेली एक फांदी, की पुढची सगळी गावं अंधारात. लाईन असली तरी धानाला पाणी द्यायचे पंप सुरू झाले की व्होल्टेज खाली. २३० च्या जागी १६०-१७० मिळालं की साधा यूपीएस समजतो लाईनच गेली, आणि बॅटरीवर उडी मारतो. दिवसातून वीसदा! बॅटरी भरायला वेळच मिळत नाही. अर्धवट रिकामी बॅटरी तशीच पडून राहिली की तिच्या पत्र्यांवर खडे धरतात आणि ती पुन्हा कधीच पूर्ण भरत नाही. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. अशा वेळी लाईन दोन-दोन दिवस आली नाही, तर पंधरा मिनिटांच्या डब्याने काय करावं?

शाळांमधल्या कॉम्प्युटरच्या खोल्यांचं तर वेगळंच. विदर्भातल्या शाळा उन्हाळ्यानंतर बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. सुट्टी लागली की शिक्षक शिस्तीत मेन स्विच बंद करतात, खोलीला कुलूप लावतात. वर पत्रे. दोन महिने यूपीएस चार्जिंगशिवाय भट्टीत! शाळा उघडते तेव्हा अर्ध्या बॅटऱ्या मेलेल्या. मग शेरा पडतो, "निकृष्ट दर्जाचा माल." माल निकृष्ट असेलही, पण सुट्टीत महिन्यातून एकदा कुणी जाऊन दिवसभर स्विच चालू ठेवला असता तर बऱ्याच वाचल्या असत्या.

कुणी म्हणेल, एवढं काय त्या डब्याचं? आता लॅपटॉप आहेत, मोबाईल आहेत. खरंय, घराघरांतले डेस्कटॉप कमी झाले. पण गावात फॉर्म भरून देणारी जी केंद्रं आहेत तिथे अजून तोच डेस्कटॉप, तोच प्रिंटर आणि टेबलाखाली तोच डबा. अशाच एका केंद्रात मी शेवटच्या तारखेला आलेली एक मुलगी पाहिली. तीस किलोमीटरवरून बसने आलेली, शिष्यवृत्तीचा अर्ज. केंद्रवाल्याला विचारलं, बॅकअप आहे का? "यूपीएस हाये ना जी, मंग काय टेन्शन?" कागद स्कॅन होऊन चढवून झाले आणि लाईन गेली. यूपीएस तीन सेकंदही टिकला नाही. लाईन आली संध्याकाळी, तोवर तिची शेवटची बस निघायची वेळ झाली होती. अर्ज राहिला. त्या बॅटरीची किंमत हजार रुपयांच्या आसपास असेल, आणि त्या मुलीचं एक वर्षाचं शुल्क किती असेल ते तुम्हीच ठरवा.

केंद्रवाला वाईट माणूस नव्हता. त्याने चार वर्षांत तो डबा एकदाही तपासला नव्हता, इतकंच. आणि इथे एक गंमत आहे. २००५ नंतरची लोडशेडिंगची वर्षं आठवा. तेव्हा खेड्यात दहा-बारा तास लाईन नसायची, पण तिला वेळापत्रक होतं. दोनला जाणार म्हणजे आपण पावणेदोनला कॉम्प्युटर बंद करायचो. यूपीएस कामाला लागायचा, त्यामुळे त्याची तब्येतही रोज कळायची. आता लाईन बरीच टिकते, जाते तेव्हा न सांगता जाते, आणि यूपीएसची परीक्षा नेमकी त्याच क्षणी होते. हिरवा दिवा लाईन असल्याचं सांगतो, बॅटरी जिवंत असल्याचं नाही.

मनात सलणारी गोष्ट वेगळीच. आमच्या चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट. इथून थेट मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची उच्चदाब लाईन १९९९ मध्ये सुरू झाली. कोळसा आमचा, राख आमची, इरई धरणाचं पाणी आमचं. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज काही तास गेली तेव्हा लोकल थांबल्या, देशभर बातम्या झाल्या. घरून काम करणाऱ्या भावाने फोनवर विचारलं, "तुम्ही लोक हे कसं सहन करता रे?" मी म्हटलं, आमची बातमी होत नाही म्हणून!

तेव्हा खरा उपाय तारांचा आणि व्होल्टेजचा आहे, आणि तो मागत राहायलाच हवा. प्रत्येकाने आपापल्या टेबलाखाली विश्वासार्हता विकत घ्यावी हे काही उत्तर नव्हे. पण तोवर चार गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. बॅटरी बसवली ती तारीख डब्यावर पेनाने लिहा. महिन्यातून एकदा, काम सेव्ह करून, भिंतीवरचा स्विच बंद करा आणि घड्याळ लावून बघा. पाच मिनिटांच्या आत आली तर बदला, आणि आमच्याकडे तरी दोन उन्हाळे झाले की न विचारता बदला. डबा भिंतीपासून वीतभर दूर, कूलरच्या वाऱ्यात ठेवा, फक्त पाण्याचे शिंतोडे उडू देऊ नका. व्होल्टेज पडत असेल तर आत स्टॅबिलायझर असलेला यूपीएस घ्या. इन्व्हर्टर असेल तर तो यूपीएस मोडवर आहे ना ते बघा, नाहीतर पंखा फिरत राहतो आणि कॉम्प्युटर मात्र बंद पडून पुन्हा सुरू होतो.

आणि फॉर्म भरायला कुठे गेलात, तर फी विचारण्याआधी बॅटरी केव्हा बदलली ते विचारा. माणूस दचकेल, पण पुढच्या महिन्यात बदलेल.