मालदांडीचे पन्नास रुपये

केंद्र सरकारने २०२५-२६ साठी जाहीर केलेल्या हमीभावात संकरित ज्वारीला क्विंटलमागे ३६९९ रुपये आहेत आणि मालदांडी या रब्बी ज्वारीला ३७४९. फरक पन्नास रुपयांचा. २०२२-२३ मध्ये तो वीस रुपयांचाच होता. खरिपाची संकरित ज्वारी ऐन काढणीत पावसात सापडून अनेकदा काळी पडते. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली मालदांडी परतीच्या पावसाच्या ओलीवर पेरली जाते, थंडीत दवावर वाढते आणि मोत्यासारखा टपोरा दाणा देते. हेक्टरी दहा क्विंटल उतारा धरला, तर या साऱ्या वेगळेपणाची किंमत हेक्टरी पाचशे रुपये होते. त्यासाठी शेतकऱ्याने चार-पाच महिने आभाळाकडे डोळे लावायचे, खोडमाशी आणि खडखड्या सोसायचा, माळ्यावर उभे राहून गोफणीने पाखरे हाकायची.

हा भाव अन्यायाचा आहे आणि तो बदलता येतो. पेरणीआधी ठरलेला, उत्पादन खर्चाच्या खाली न जाणारा, वाणाच्या शुद्धतेसाठी व बिनरसायन शेतीसाठी वेगळी रक्कम मोजणारा भाव मंगळवेढ्याच्या ज्वारीला मिळाला पाहिजे, हे माझे म्हणणे आहे. ते नवे नाही. लॅटिन अमेरिकेतल्या दोन-चार एकरांच्या कॉफी उत्पादकांनी असाच भाव मागितला आणि काही अंशी मिळवला.

ती हकीकत थोडक्यात अशी. मेक्सिकोतल्या वाहाका प्रांतातले डोंगरी शेतकरी १९८० च्या दशकात ‘उसिरी’ या सहकारी संस्थेत एकत्र आले. फ्रान्स फान डेर होफ हे डच धर्मगुरू त्यांच्याबरोबर राहत आणि काम करत. या शेतकऱ्यांची मागणी देणगीची नव्हती, भावाची होती. त्यातून १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये ‘मॅक्स हावेलार’ हा शिक्का बाजारात आला. जावा बेटावरच्या कॉफी शेतकऱ्यांच्या पिळवणुकीवर १८६० साली निघालेल्या कादंबरीचे हे नाव. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कॉफी कराराची कोटापद्धत कोसळली आणि भाव गडगडले. २००१ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या बाजारात कॉफी पौंडाला ५० सेंटच्या खाली गेली. त्या वेळी या शिक्क्यातून उभ्या राहिलेल्या ‘फेअरट्रेड’ म्हणजे रास्त व्यापाराच्या व्यवस्थेचा किमान दर १२१ सेंट होता. आज धुतलेल्या अरेबिकासाठी तो १८० सेंट आहे. सेंद्रिय मालाला वर ४० सेंट आणि संस्थेच्या सामाईक निधीसाठी आणखी २० सेंट मिळतात. बाजारभाव किमान दरापेक्षा चढा असेल, तर बाजारभाव द्यावा लागतो. पेरूतल्या अँडीजच्या उतारांवरचे हजारो लहान शेतकरी आपली सेंद्रिय कॉफी सहकारी संस्थांमार्फत याच वाटेने परदेशी पाठवतात.

१८० वर ४० म्हणजे बावीस टक्के. ३६९९ वर ५० म्हणजे दीड टक्कासुद्धा नाही. तिथला फरक सेंद्रियतेचा आहे आणि इथला वाणाचा, हे मला ठाऊक आहे. पण आपल्या हमीभावाच्या यादीत सेंद्रियतेसाठी वेगळा आकडाच नाही, हेही त्याच तुलनेतून दिसते.

आता आक्षेप घेऊ. ते हलके नाहीत, म्हणून एकेकाचे उत्तर देणे भाग आहे.

पहिला आक्षेप नेहमीचा. ‘रास्त भाव ही शहरी सुखवस्तूंनी केलेली दया आहे. दयेवर शेती चालत नाही.’ यातले दुसरे वाक्य मला मान्य आहे, पहिले नाही. शेतकरी संघटनेने ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ असे म्हटले, तेव्हाच हा प्रश्न निकाली निघायला हवा होता. खर्चापेक्षा कमी भावाने धान्य विकत घेतले, तर उरलेला खर्च शेतकरी स्वतःच्या अंगावर घेतो. तो घरच्या बाईची मजुरी हिशेबात धरत नाही, मुलीचे शिक्षण थांबवतो, बैल विकतो. म्हणजे आज दान होतेच आहे. ते शेतकरी करतो आणि ग्राहक घेतो. रास्त भावाने हे उलटे दान थांबेल.

दुसरा आक्षेप अर्थशास्त्राचा. ‘भाव मागणी-पुरवठ्याने ठरतो. किमान दर लादला की व्यापारी पाठ फिरवतो आणि माल पडून राहतो.’ हा आक्षेप सोलापूर जिल्ह्यात बसून घ्यावा, याचे मला नवल वाटते. या जिल्ह्यात तीसहून अधिक साखर कारखाने आहेत. ऊस नियंत्रण आदेशानुसार उसाचा रास्त आणि किफायतशीर दर म्हणजे एफआरपी चौदा दिवसांत देणे कारखान्यांवर बंधनकारक आहे. २०२५-२६ साठी हा दर १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३५५० रुपये आहे. २०१८ पासून साखरेच्या विक्रीलाही किमान दराचे संरक्षण आहे. कारखाने पैसे थकवतात, शेतकऱ्यांना रस्त्यावर उतरावे लागते, हे खरे. पण रस्त्यावर उतरताना त्यांच्या हातात कायदा असतो. ज्वारीवाल्याच्या हातात आडत्याने दिलेल्या पट्टीशिवाय काही नसते. हमीभाव जाहीर होतो, पण त्या भावाने घ्यायला समोर कोणी उभे राहीलच याची खात्री नसते.

म्हणजे किमान दर अशक्य आहे, असे आपण म्हणूच शकत नाही. वर्षभर पाणी मागणाऱ्या पिकाला आपण तो दिला. उजनी धरणाच्या थेंबाचीही अपेक्षा न करणाऱ्या पिकाला मात्र बाजाराच्या भरवशावर सोडले. मग कालव्याचे पाणी पोचेल तिथे ज्वारीचे रान मोडून ऊस लागला. शेतकऱ्याला दोष देऊन काय उपयोग? जिथे भावाची शाश्वती, तिथेच तो जाणार. बाजार आपोआप ठरवतो असे ज्याला म्हटले जाते, ते इथे सरकारी धोरणाने ठरवलेले आहे.

तिसरा आक्षेप सेंद्रिय शेतीवर आहे. ‘रसायने सोडली की उतारा घटतो. श्रीलंकेने २०२१ च्या एप्रिलमध्ये रासायनिक खतांवर बंदी घातली आणि नोव्हेंबरमध्ये ती मागे घ्यावी लागली.’ श्रीलंकेचे उदाहरण खरे आहे आणि ते विसरता कामा नये. खतांवर पोसलेली भातशेती आणि चहाचे मळे एका हुकमाने बदलत नसतात. पण मंगळवेढ्याच्या कोरडवाहू रानात काही सोडायला सांगायचेच नाही. तिथली काळी माती खोल आहे, ओल खाली असते आणि वरचा थर लवकर सुकतो. सुकलेल्या थरात टाकलेले खत मुळांना लागत नाही, म्हणून त्या रानात खताचा वापर मुळातच बेताचा राहिला. कोळपणी करून भेगा बुजवणे, ज्वारीनंतर हरभरा किंवा करडई घेणे, शेणखत घालणे ही तिथली रीत आहे. या जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवडलेले ‘मालदांडी ३५-१’ हे वाण १९३० च्या दशकातले आहे. संकरित बियाण्यांच्या इतक्या लाटा येऊन गेल्या, तरी रब्बीत त्याला पुरते हटवता आलेले नाही. दाणा, भाकरीची चव आणि कडबा ही तिन्ही एकत्र देणारे दुसरे वाण शेतकऱ्याला सहज मिळत नाही. तेव्हा इथे सेंद्रिय भाव मागणे म्हणजे कुणाला नव्या प्रयोगात ढकलणे नव्हे. जे आधीपासून होते आहे, त्याचे मोल देणे एवढेच आहे.

चौथा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. ‘शिक्के विकत मिळतात. प्रमाणपत्राचा खर्च लहान शेतकऱ्याला झेपत नाही आणि मोठे व्यापारी त्याचा फायदा उठवतात.’ भारताच्या सेंद्रिय प्रमाणीकरणाला दिलेली मान्यता अमेरिकेने २०२१ मध्ये काढून घेतली, ही आपल्यासाठी शरमेची गोष्ट आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही त्या नावाने कुठलीही ज्वारी पोत्यात भरून विकणाऱ्याला अडवणारी यंत्रणा बाजारात दिसत नाही. पण चोरी होते म्हणून मालकीच सोडून द्यावी, असे कोणी म्हणत नाही. उपाय निगराणीचा आहे. पीजीएस-इंडिया या सहभागी हमी पद्धतीत किमान पाच शेजारी शेतकऱ्यांचा गट एकमेकांच्या रानाची तपासणी करतो. बाहेरच्या तपासनिसाची महागडी फी त्यात लागत नाही. गावात कोणाच्या रानात काय फवारले, हे शेजाऱ्यापासून लपत नाही. निर्यातीसाठी ही पद्धत पुरणार नाही, पण सोलापूर, पुणे आणि मुंबईच्या ग्राहकासाठी पुरेशी आहे.

पाचवा आक्षेप मजुरांच्या बाजूचा. लंडनच्या सोआस या संस्थेने इथिओपिया आणि युगांडात केलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. फेअरट्रेडचे प्रमाणपत्र असलेल्या संस्थांच्या भागात शेतमजुरांना इतर ठिकाणांपेक्षा चांगली मजुरी मिळत नाही, असे त्यात आढळले. हा आक्षेप मी खोडून काढणार नाही, मी तो स्वीकारतो. ज्वारी हाताने उपटावी लागते. पात्या हाताला कापतात, अंग खाजते, ऊन वर चढते. सुगीत हे काम करणाऱ्या बहुतेक बायका असतात. भाव वाढला आणि त्यांची मजुरी तिथेच राहिली, तर तो भाव रास्त म्हणता येणार नाही. म्हणून मजुरीचा दर कराराच्या कागदावर यायला हवा, आणि सामाईक निधीचा विनियोग ठरवणाऱ्या सभेत सातबारा नसलेल्यांनाही मत हवे.

शेवटचा आक्षेप सगळ्यांत अवघड. ‘ज्वारी महाग झाली तर गरिबाने काय खायचे? सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायका आहेत, यंत्रमागावर राबणारे कामगार आहेत. त्यांच्या ताटातली भाकरी महाग करून तुम्ही कोणता न्याय करता?’

याचे उत्तर मंगळवेढ्यानेच दिलेले आहे. पंधराव्या शतकातल्या दुष्काळात इथले सरकारी अधिकारी दामाजीपंत यांनी भुकेल्यांसाठी धान्याचे कोठार खुले केले, ही कथा आपल्याकडे घराघरांत सांगतात. पण कोणते कोठार? बिदरच्या बादशहाचे, सरकारी. शेतकऱ्याच्या कणगीला त्यांनी हात लावला नाही. भुकेल्याला जगवणे राज्याचे कर्तव्य आहे आणि त्याचा खर्च राज्याच्या तिजोरीतून व्हायला हवा, हा त्या कथेचा अर्थ आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात गहू-तांदळाबरोबर भरडधान्याचीही तरतूद आहे. सरकारने रास्त भावाने ज्वारी घ्यावी आणि रेशनवर गरिबाला द्यावी. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही, खरेदी केंद्रे वेळेवर उघडावी लागतात. विडी कामगार बाईची भाकरी कोरडवाहू शेतकऱ्याच्या तोट्यातून स्वस्त ठेवणे म्हणजे एका गरिबाच्या खिशातून काढून दुसऱ्या गरिबाला देणे. त्यात श्रीमंताला काहीच द्यावे लागत नाही. मॉलमध्ये चकचकीत पाकिटातले ज्वारीचे पीठ घेणाऱ्यालाही याच स्वस्ताईचा लाभ होतो, हे लक्षात घेतले पाहिजे.

आक्षेपांचे उत्तर दिले म्हणजे काम झाले असे नाही. करायचे काय, तेही सांगितले पाहिजे.

एक, करार पेरणीआधी व्हावेत. फेअरट्रेडच्या नियमांत उत्पादक संस्थेने मागितले, तर कराराच्या रकमेपैकी साठ टक्क्यांपर्यंत आगाऊ अर्थसाहाय्याची तरतूद आहे. आपल्याकडे भादव्यात बी-बियाण्यासाठी हात पसरावा लागतो आणि फाल्गुनात देणेकऱ्यांसाठी माल घाईने विकावा लागतो. सोलापूरची कडक भाकरी आज दूरदूर जाते. ती करणारे बचत गट, शेंगाचटणीबरोबर तिचा व्यापार करणारे दुकानदार आणि हुरडा पार्ट्यांचे आयोजक हेच आपले पहिले खरेदीदार आहेत. त्यांनी हस्त नक्षत्राच्या आत गावच्या गटाशी लेखी करार करावा आणि काही रक्कम आगाऊ द्यावी.

दोन, माल थांबवण्याची सोय व्हावी. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना बाजार समित्यांमार्फत सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी कर्ज देते. मंगळवेढ्याच्या ज्वारीसाठी स्वच्छ, वेगळे गोदाम आणि त्यावर या कर्जाची जोड मिळाली, तर सुगीच्या पडत्या भावात विकण्याची सक्ती सुटेल. मानांकनाच्या पोत्यात दुसरी ज्वारी मिसळण्यालाही तिथेच आळा बसेल.

तीन, मालदांडीचा हमीभाव संकरितला जोडून काढण्याची पद्धत बंद व्हावी. रब्बीच्या कोरडवाहू मालदांडीचा खर्च वेगळा, जोखीम वेगळी आणि उतारा वेगळा. तिचा हिशेब स्वतंत्र व्हायला हवा. तो करताना पाणी न मागणाऱ्या पिकाने जिल्ह्याच्या पाण्याची जी बचत केली, तिचेही मोल धरावे.

चार, प्रत्येक क्विंटलमागे ठरलेली रक्कम सामाईक निधीत जावी आणि तिचा खर्च गावाने ठरवावा. शेतकऱ्याला वैयक्तिक चार पैसे जास्त मिळणे चांगलेच. पण बांधबंदिस्ती, बियाण्याची निवड, मळणी यंत्र आणि मजूर बायकांच्या आजारपणाची सोय ही कामे एकेकट्याला झेपत नाहीत.

यात बाहेरून कोणी येऊन शिकवावे असे काहीच नाही. माती आहे, वाण आहे, मानांकन आहे, संशोधन केंद्र आहे, बाजार समिती आहे, भाकरीला गिऱ्हाईकही आहे. हे सारे एका करारात बांधण्याची इच्छा तेवढी कमी पडते. वाहाकातल्या डोंगरी शेतकऱ्यांजवळ यापेक्षा पुष्कळ कमी होते आणि त्यांचे ग्राहक समुद्रापलीकडे होते. मंगळवेढ्याचा ग्राहक सोलापुरात राहतो, साठ किलोमीटरच्या आत. येत्या रब्बीची पेरणी होण्याआधी सोलापूर जिल्ह्यातल्या बाजार समित्यांनी, भाकरी करणाऱ्या गटांनी आणि मंगळवेढ्याच्या शेतकऱ्यांनी एकत्र बसून निदान एका गावाचा भाव लिहून काढावा. त्या कागदावर सही करायला कोणत्याही सरकारची परवानगी लागत नाही.